आमच्याकडे फौज कधी जेवली नाही

दिवाळी अंकवाले मास्तर घरी आले आणि म्हणाले, "काका, नोकरीतलं काही लिहा." मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, जड वस्तू इकडून उचलून तिकडे ठेवायची ही माझी नोकरी, यात लिहायचं काय? ते म्हणाले, "आपल्या बालाघाटच्या डोंगरात विज्ञानाचं केंद्र होतं, हे आजच्या पोरांना ठाऊकच नाही. त्याचं लिहा." चहा मी केला होता. त्यांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. ही असती तर कोणाची हिंमत नव्हती. तर लिहितो. चुकलं तिथे मास्तरांनी नीट करावं, पण गोड करू नये.

मी खलाशी होतो. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज दिसतं. आमच्या वैनगंगेत डोंगा चालतो, जहाज कुठून आणू? खाणीत, कारखान्यात, रेल्वेत जड यंत्र हलवणाऱ्यालाही खलाशीच म्हणतात. सब्बल म्हणजे पहार, दोरखंड, साखळीची पुली आणि काही लोखंडी नळ्या, एवढं आमचं सामान. यंत्र नळ्यांवर चढवायचं, मागची नळी मोकळी झाली की पुढे आणून लावायची, आणि हैशा-हैशा करत हत्तीएवढी वस्तू मांजरीच्या चालीनं न्यायची. बाहेरच्याला वाटतं, ताकदीचं काम आहे. ताकद गड्यांची असते. वस्तू कोणत्या बाजूला पडायचं म्हणते, ते खलाशानं आधी ओळखायचं आणि त्या बाजूला उभं राहायचं नाही. पुढे संसारातही मला हे फार कामी आलं.

बैहरच्या रस्त्याला डोंगरात मँगनीजची एक जुनी खाण होती. मी त्या खाणीतच लागलो होतो. माल संपला, खाण बंद पडली आणि मी लांजीकडच्या गावी भावांच्या घरी जाऊन बसलो. मग एक दिवस निरोप आला, की खाणीत कोणी डॉक्टर साहेब आलेत, त्यांना आतल्या वाटा ठाऊक असलेला खलाशी पाहिजे.

डॉक्टर साहेब औषधाचे नव्हते, भौतिकशास्त्राचे होते. त्यांचं म्हणणं असं, की आकाशातून अगदी बारीक कण सारखे खाली पडत असतात. दिसत नाहीत, लागत नाहीत, माणसाच्या डोक्यातून आरपार जातात. डोंगराच्या पोटापर्यंत त्यातले किती पोचतात, ते त्यांना मोजायचं होतं. म्हणून बोगद्याच्या टोकाला शिशाच्या विटांची भिंत रचली, भिंतीमागे यंत्रं ठेवली. ती रचणारा मी. कण आला की यंत्र 'टक्' करायचं. डॉक्टर साहेब आणि त्यांचे दोन चेले ती टकटक मोजत बसायचे. एवढंच काम. खरंच एवढंच.

माझ्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "माह्या गंजातून बी जाते का ते?"

"हौ. डाळीतून, डाळीच्या गंजातून, चुलीतून, सगळ्यातून."

"मंग मीठ कमी-जास्त झालं तं मले बोलत नोका जाऊ."

एवढा शिकलेला माणूस डोंगरात बसून टकटक मोजतो, हे गावाला पटेना. इथे बॉम्ब बनतो, हे मात्र सगळ्यांना एका दिवसात पटलं. किरनापूरकडचा एक शेतकरी तर बैलगाडी जुंपून आला आणि म्हणाला, "साहेब, रानडुकरासाठी एक लहानसा द्या." डॉक्टर साहेबांनी त्याला बसवून सगळे कण समजावले. त्यानं मान डोलवत ऐकून घेतले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब मानूस चांगला हाय गा, पण द्याची नियत नाही."

यात आमच्या सामानाचाही दोष होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जबलपूरला फौजेचं जुनं सामान लिलावात निघायचं, आणि आमची संस्था गरीब. त्यामुळे ट्रक फौजेचा, तंबू फौजेचे, कांबळी, केटल्या, बादल्या फौजेच्या. हिवाळ्यात माझ्या अंगावर असायचा तो कोट कोण्या गोऱ्या सैनिकाचा होता. छातीवर एक भोक होतं. ते कशाचं, हे मी कधी विचारलं नाही. हिनं त्यावर लाल दोऱ्यानं फूल काढून दिलं.

आणि आमचा चौकीदार झनकलाल, तोही फौजेचा. सगळे त्याला हवालदार म्हणायचे. सलाम करताना त्याचा हात कपाळापर्यंत जायचा, तिथे जरासा थरथरायचा आणि मग मांडीवर 'फाट' करून पडायचा. तो आवाज ऐकून बोगद्यातली वटवाघळं उडायची.

आता हिच्याबद्दल. हिचं नाव पार्बता. आम्हाला मूल झालं नाही. लांजीकडच्या घरी दोन भावजया, त्यांची पोरं, आणि ही. बारसं असो की हळदीकुंकू, ओटी भरायची वेळ आली की मोठी भावजय म्हणायची, "पार्बता, तू जरा चुलीकडे पाय." असं चुलीकडे पाहता पाहताच ती स्वयंपाकात तरबेज झाली. केंद्रावर आली तेव्हा डॉक्टर साहेबांनी तिला स्वयंपाकाचं काम दिलं आणि खाणीच्या जुन्या ऑफिसातली एक खोली आम्हाला दिली. तिथे ती सगळ्यांची वहिनी झाली. तिला चुलीकडे जायला सांगणारं कोणी नव्हतं, कारण चूल तिचीच होती.

पहिल्या दिवाळीला मी म्हटलं, गावी जाऊन येऊ.

"तुमाले जायचं तं जा. मी त्या घरात परत पाय नाही ठेवत."

"अन् उद्या हे केंद्र उठलं तं? मंग कुठं जाशील?"

"ते तुमी पाहा. खलाशी तुमी हाय. मले कुठं नेऊन ठेवायचं ते तुमचं काम. पन तिथं नाही."

तेव्हापासून केंद्र टिकणं हे माझ्यासाठी विज्ञानाचं काम राहिलं नाही. तो आमच्या घराचा प्रश्न झाला.

तिचे नियम दोन होते. दारात जो आला तो जेवून जाईल, हा पहिला. सारवलेल्या अंगणात चप्पल-बूट चालणार नाही, हा दुसरा. तपासणीला आलेला तहसीलदार जेवला, वाट चुकलेला बैगा आदिवासी जेवला, रानडुकरासाठी बॉम्ब मागणारा तर दोनदा भात घेऊन जेवला. फक्त एक माणूस उपाशी गेला. जीपमधून एक कप्तान साहेब आले होते. डॉक्टर साहेबांना म्हणाले, तुमच्या यंत्रानं डोंगराच्या आत पोकळी आहे की नाही ते कळेल का? डॉक्टर साहेब म्हणाले, "कळेल. पण एका डोंगराला वर्ष लागेल." लढाई तेवढी थांबत नाही, असं म्हणून कप्तान हसले आणि उठले. डाळीला फोडणी पडली होती. वासाच्या मागे ते स्वयंपाकघराकडे निघाले, आणि सकाळीच सारवलेल्या अंगणातून बुटांसकट आले. बुटाच्या टाचा सारवणात अशा उमटल्या, जसे काही हेल्याचे खूर.

"चूल इझली म्हना," ती मला म्हणाली. तिच्या मागे डाळ खदखदत होती. मी तसंच सांगितलं. कप्तानांनी एकदा गंजाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पासष्टला पाकिस्तानशी लढाई झाली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दसरा आला होता. चेले आपापल्या घरी गेले होते. डॉक्टर साहेबांनी आम्हाला बोलावलं.

"आपली यंत्रं परदेशातल्या एका विद्यापीठानं वापरायला दिली आहेत," ते म्हणाले. "त्यांनी नेमलेले नायर साहेब दिल्लीहून येत आहेत. आपल्या संस्थेचा फौजेशी किती संबंध आहे, हे ते तपासणार आहेत. त्यांनी विचारलं तर काही लपवू नका. खरं ते सांगा."

एवढं बोलून ते ट्रक घेऊन गोंदियाला गेले, पाहुण्यांना मोठ्या रुळाच्या गाडीवरून उतरवून आणायला. फौजेशी संबंध असला तर चांगलं की नसला तर चांगलं, हे सांगायचं राहिलं. त्यांना ते इतकं उघड वाटलं असेल, की सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच सुचलं नाही.

ट्रक वळणाआड गेला आणि झनकलालनं टोपी काढून छातीशी धरली.

"मारोती, समजला का गा? फौज आपल्याले घेऊन राह्यली!"

"ते तं संबंध तपासणार म्हणे."

"अरे, पोरगी पाहाले येते तं काय तपासते? तेच! संबंध जुळला की झालं. पक्की नोकरी, पेन्शन, कांबळ, कँटीन."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अन् क्वाटर?"

"पक्कं क्वाटर, वहिनी! फौज एकदा देते तं मरेपर्यंत काढत नाही."

हे त्यानं कुठून काढलं ते त्यालाच ठाऊक. पण आत वरवंटा थांबला. मग ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मंग संबंध चांगला दिसला पायजे."

तुम्ही आज हसाल. पण त्या दिवसांत रेडिओवर फौजेचं नाव निघालं तरी लोक उठून उभे राहायचे. फौजेचं नातं कोणाला नको होतं?

आम्ही कामाला लागलो. वाटेच्या दोन्ही बाजूंनी दगड मांडून त्यांना चुना लावला, कारण छावणीत तसे असतात असं हवालदार म्हणाला. गड्यांना सलाम शिकवला. बंदुका नव्हत्या, म्हणून सब्बल खांद्यावर. आणि हवालदारानं सगळ्यात मोठी अक्कल चालवली ती पूजेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा करायची. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, सुतार रंधा पुजतो. आम्ही दरवर्षी बोगद्याच्या तोंडाशी सब्बल आणि पुली मांडून नारळ फोडायचो. हवालदार म्हणाला, "यंदा अख्ख्या गावाची हत्यारं आत. यंत्रापुढं. साहेबाले दिसू द्या." गावाला आनंदच झाला. बॉम्बवाले आपल्याला आत घेत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार होती. पाटलांनी ठासणीची भरमार बंदूक आणली. जंगल नाकेदारानं सरकारी बंदूक आणली. एका घरून नागपूरकर भोसल्यांच्या वेळची तलवार आली. गोंडांच्या टोल्यातून, म्हणजे वस्तीतून, धनुष्यबाण आले. कुऱ्हाडी तर विचारूच नका. सगळं शिशाच्या भिंतीला टेकवून ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मोजणीच्या यंत्रालाही एक माळ घातली. ते आपलं टक्, टक् करत होतं.

नायर साहेब गोंदियाकडून आलेच नाहीत. ते जबलपूरकडून छोट्या रुळाच्या गाडीनं बालाघाटला उतरले, मोटारीनं फाट्यापर्यंत आले आणि तिथून छत्री धरून पायी. वाळकेसे, चष्मेवाले, पोटावर हात धरून चालणारे. चुन्याचे दगड दिसताच त्यांची चाल मंदावली. तेवढ्यात हवालदार ओरडला, "सावधाऽऽन!" सगळ्या सब्बली एकदम वर. फाट! साहेबांची छत्री हातातून पडली.

"आप लोग... आर्मी?" त्यांनी विचारलं.

"जी साहब!" हवालदार म्हणाला. साहेबांना आमच्याकडून कळलेली ही पहिली गोष्ट.

मग साहेब फिरू लागले आणि मी सोबत. खरं सांगायचं, लपवायचं नाही, हे डॉक्टर साहेबांनी बजावलंच होतं.

"ये टेंट किसका है?"

"फौज का, साहब."

"ये बरतन?"

"फौज का."

"आपका ये कोट?"

"फौज का, साहब. ये फूल घरवाली का है."

बोगद्याच्या तोंडाशी त्यांना बूट काढायला लावले, आत पूजा होती म्हणून. कंदील घेऊन मी पुढे चाललो. टोकाला पोचलो आणि कंदील वर केला. बंदुका, तलवार, बाण, कुऱ्हाडी, सगळ्यांवर कुंकू, समोर उदबत्ती. पाटील आणि नाकेदार हात जोडून उभे. मागून यंत्राची टकटक.

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ये सब इधर क्या करता है?"

"पूजा, साहब. आज हथियार का दिन है."

"और ये लेड? ये सीसा?"

मी तोंड उघडायच्या आत हवालदार पुढे झाला. "साहब, सीसे से गोली बनता है, ये तो बच्चा भी जानता है!" आणि त्यानं नारळ घेऊन शिशाच्या विटेवर फोडला. पाणी साहेबांच्या चष्म्यावर उडालं.

ते मागे फिरले ते सरळ बाहेर. बूट घालायचेही भान राहिलं नाही. अनवाणी अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पाणी मागितलं. हिनं लोटा दिला. ते अर्धा लोटा प्यायले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आप लोग सच्चा आदमी है. कुछ छुपाया नहीं. हमको बहुत दुख होता है."

"दुख काहे का, साहब?"

"मिलिटरी का कनेक्शन नहीं होना, ये शर्त था. अभी मशीन सब वापस जाएगा. ये सेंटर बंद."

वस्तू कोणत्या बाजूला पडते ते ओळखायचं माझं काम. आयुष्यात एवढं मोठं वजन माझ्या अंगावर येताना मला दिसलं नव्हतं.

मी हिच्याकडे पाहिलं. हिनं माझ्याकडे पाहिलं. तिला हिंदी बोलायला कमी यायची, पण 'बंद' कळायला कोणती भाषा लागते? क्षणभर मला वाटलं, आता ही रडते. पण तिची नजर साहेबांच्या पायांकडे गेली. अनवाणी पाय. तिनं पाट मांडला.

"पहले जेवो," ती म्हणाली. "बाद में बंद करो."

साहेब नको नको म्हणत होते, पोट ठीक नाही म्हणत होते. तिनं मऊ भात वाढला, वर पातळ वरण, लिंबू. साहेबांनी पहिला घास घेतला आणि दुसरा लगेच त्याच्यामागे गेला. ते जेवत असताना ही उभी राहिली आणि मला म्हणाली, "जा, पाटलाची बंदूक आना."

मी आणली. पाटील मागे धावत आले.

"पाटील, चालवा."

"वहिनी, असं काय करता?"

"चालवा म्हनते ना!"

पाटलांनी नळी खाली धरून बंदूक आपटली. नळीतून मातीचा ढेकूळ पडला. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. मग तलवार. ती म्यानातून निघेना. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तिचा मालक, दोघांनी ओढली तरी नाही. नाकेदाराला विचारलं, गोळ्या कुठे आहेत? तो म्हणाला, गोळ्या रेंजर साहेबांच्या कपाटात असतात आणि किल्ली त्यांच्या बायकोजवळ.

साहेबांचा घास हातातच राहिला होता. "लेकिन ये?" त्यांनी हवालदाराकडे बोट केलं. तो सलामीत ताठ उभा, हात कपाळावर. "ये तो आर्मी का है."

हिनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं. मग म्हणाली, "ये? ये फौज में खच्चर संभालता था, साहब. बंदूक इसने बी आजच हाथ में लिया, पूजा के लिए."

ही गोष्ट केंद्रावर कोणाला ठाऊक नव्हती. एकदा तापानं फणफणला असताना हिनं त्याला पेज पाजली, तेव्हा तिच्याजवळ तो बोलून गेला होता. कपाळावरचा त्याचा हात हळूहळू खाली आला. त्या दिवशी मांडीवर आवाज झाला नाही.

साहेबांनी ताट बाजूला सरकवलं आणि हिला सरळ विचारलं, "सच बोलो. इधर कभी मिलिटरी का आदमी आता है?"

"साहब, जिसका संबंध रहता है वो जेवने को आता है. यहां तहसीलदार जेवा, पटवारी जेवा, सूअर मारनेवाला जेवा. फौजवाला आजतक एक बी मेरे हाथ का नहीं जेवा. देवी की कसम."

हातावर पूजेचं कुंकू तसंच होतं. माझे कान गरम झाले. मी लोटा उचलून साहेबांना पाणी वाढलं.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. आमचा फौजी ट्रक चढावर येत होता. म्हणजे येत नव्हता, लोक ढकलत होते, आणि सगळ्यात मागे खांदा लावून डॉक्टर साहेब. गोंदियाला पाहुणे मिळाले नाहीत आणि येताना इंजिन बसलं. चेहरा धुळीनं पांढरा. त्यांनी चुन्याचे दगड पाहिले, खांद्यावरच्या सब्बली पाहिल्या, पाटलांच्या हातातली बंदूक पाहिली आणि मटकन ओट्यावर बसले.

नायर साहेबांनी त्यांना एकच विचारलं, तेही हिंदीत, बहुतेक आम्हालाही कळावं म्हणून. "डॉक्टर, यहां कभी कोई मिलिटरी अफसर आया था?"

डॉक्टर साहेबांना खोटं बोलता येत नव्हतं. आमचं नशीब. "हां," ते म्हणाले, "एक कप्तान आया था." आणि डोंगराची पोकळी, एका डोंगराला वर्ष, सगळं सांगून टाकलं.

नायर साहेब हिच्याकडे वळले. "आपने तो बोला, कोई नहीं आया!"

"आया नहीं, ऐसा कहां बोली? जेवा नहीं, बोली."

"क्यों नहीं खिलाया?"

"बूट पहनके आया था. सारवेल अंगण में." तिनं अंगणाकडे बोट केलं. कप्तान कालच बुटांसकट येऊन गेला असावा, असा राग होता त्या बोटात.

नायर साहेबांनी अंगणाकडे पाहिलं, मग आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग ताटाकडे. आणि हसायला लागले. पोट धरून हसले. पोट खरंच दुखत होतं की काय, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर साहेबांशी ते इंग्रजीत बरंच बोलले. त्यातलं मला नंतर कळलं ते एवढं: जिथे फौजेच्या अधिकाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही, तिथे फौजेचा संबंध आहे असं मी कोणत्या तोंडानं लिहू? मग त्यांनी पुन्हा भात मागितला.

यंत्रं राहिली. केंद्र राहिलं. आमची खोली राहिली.

एक तेवढं राहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून झनकलाल हिच्या हातचं जेवायला आला नाही. आपल्या खोलीमागे तीन दगड मांडून स्वतः भात शिजवू लागला. जळका वास इकडे यायचा आणि हिचा जीव खालीवर व्हायचा. गडी त्याला खच्चर हवालदार म्हणायला लागले होते. हिनं एकाला पळीनं मारलं, पण तोंडं थोडीच बंद होतात.

"जाऊन बोल ना एकदा," मी म्हणायचो.

"काय बोलू? खोटं बोलली का मी?"

"खरं बोलली, म्हणूनच तं."

पोळ्याला तिनं उडदाचे वडे केले आणि ताट झाकून त्याच्या दाराशी ठेवून आली. संध्याकाळी ताट धुऊन आमच्या दाराशी आलं, त्यात मूठभर चारोळी. पुढच्या सणाला पुन्हा वडे गेले, पुन्हा ताट आलं, कधी चिंच, कधी मोहाची फुलं. ताट कधी रिकामं आलं नाही. पण 'वहिनी' म्हणून हाक काही तिला पुन्हा मिळाली नाही. त्या हाकेची वाट ती पाहायची, हे मला ठाऊक होतं. माफी मागायची तिला सवय नव्हती, आणि मीही मध्ये पडलो नाही. जिकडे वस्तू पडते तिकडे उभं राहायचं नाही, ही सवय कधी कधी वाईट.

पुढे सत्तरनंतर केंद्र उठलंच. दुसरीकडे फार खोल खाण मिळाली, तिथे कण कमी येतात म्हणे. शिशाची भिंत मी रचली होती, मीच उतरवली. तोवर बालाघाटात दोन खोल्या आमच्या झाल्या होत्या. लांजीच्या त्या घरात हिनं शेवटपर्यंत पाय ठेवला नाही. तेवढं एक वजन मी जागच्या जागी नेऊन ठेवलं.

मागच्या दिवाळीनंतर ती गेली. तिच्या अंगावर लाकडं रचत होते तेव्हा माझ्या मनात आलं, ते कण यातूनही जात असतील. टक्, टक्. आता मोजायला कोणी नाही.

तेरवीच्या दिवशी पंगत बसायची होती. फाटकाशी एक म्हातारा आला, काठी टेकत. किरनापूरहून मोटारीनं आला होता. अंगात फौजेचा विरलेला स्वेटर. बूट त्यानं फाटकाबाहेर, रस्त्यावरच काढले. फोटोसमोर उभा राहिला. हात कपाळापर्यंत गेला, थरथरला आणि मांडीवर पडला. फाट! पोरं दचकली.

"वहिनी," झनकलाल फोटोला म्हणाला, "खच्चरंच सांभाळत होतो मी. खरी गोष्ट हाय. पन अख्ख्या पलटणीचं पाणी त्यायच्याच पाठीवरून जात होतं बरं."

मी त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. तो जेवला. वडे दोनदा घेतले. म्हणाला, "मारोती, मीठ कमी हाय गा." मी म्हटलं, हौ.

नायर साहेब आज असतील की नाही, ठाऊक नाही. असले आणि कोणी त्यांना हे वाचून दाखवलं, तर माझं एवढं सांगणं आहे. साहेब, तुमच्या त्या तपासणीत एक दुरुस्ती करून घ्या. पार्बताच्या घरी फौजेचा माणूस जेवला. पोटभर जेवला. वाढायला तेवढी ती नव्हती.